बॅटरी नवी, तरी लाइट का गेली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी राजगुरुनगरचा. हुतात्मा राजगुरूंचं हे गाव. सरकारी कागदावर राजगुरुनगर, पण भीमेच्या काठची जुनी माणसं आजही खेडच म्हणतात. वाडा रस्त्याला माझं दुचाकीच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. १९९४ साली ते सुरू केलं, तेव्हा चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार एवढीच आम्हाला ओळख होती. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला आला, २००१ साली तिथली पल्सर रस्त्यावर आली, आणि पुढे एकामागून एक कंपन्या येत गेल्या. आमच्या भागातली शेतकऱ्यांची पोरं डबा घेऊन शिफ्टला जाऊ लागली. एसटी शिफ्टच्या वेळेला सापडत नाही. म्हणून मोटारसायकल आली. आज आमच्याकडे मोटारसायकल ही हौस राहिलेली नाही. ती हजेरी आहे. गाडी बंद तर खाडा, आणि खाडा तर पगार नाही.

आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. दुकानदार माणूस सहसा स्वतःची चूक सांगत नाही. पण ही सांगितली तर कुणाचा तरी हातपाय वाचेल, असं मला वाटतं.

२०१४ सालचा पावसाळा. चासच्या पलीकडच्या एका वाडीतला मुलगा माझ्याकडे आला. चाकणला कंत्राटी कामाला होता. म्हणाला, "काका, सेल्फ घेत नाही. गेटवर रोज धक्का मारून चालू करावी लागते." मी बॅटरीला मीटर लावला. बॅटरी बसलेली. गाडी चार वर्षांची, बॅटरीही तेवढीच जुनी. मी म्हटलं, बॅटरी गेली. नवी टाकली. तीन-चार दिवसांच्या हजेरीचे पैसे त्याने मोजले आणि तो गेला.

तीन आठवड्यांनी पुन्हा दारात. तीच तक्रार. मला बॅटरीचाच संशय. वॉरंटीत होती, बदलून दिली. जाताना तो सहज म्हणाला, "काका, एक गंमत आहे बघा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात गाडी एकदम ओके असते. सेकंडला लागलो की गोंधळ सुरू." मी हसलो. म्हटलं, "गाडीला काय शिफ्ट कळते का रे?"

श्रोतेहो, त्या पोराने रोगाचं निदान माझ्या हातात आणून दिलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

श्रावणात एका रात्री, सेकंड शिफ्ट सुटल्यावर, तो चासच्या रस्त्याने घरी निघाला होता. पाऊस. हेडलाइट आधी पिवळी पडली, मग नुसती निखाऱ्यासारखी राहिली. रोजचा रस्ता म्हणून तो तसाच दामटत होता. एका वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा उशीर झाला होता. गाडी कडेला घातली म्हणून जीव वाचला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर आणि सहा आठवडे पगार नाही.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. त्याची आई खाटेशी बसलेली होती. ती रागावली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "भाऊ, बॅटरी नवी घातली होती ना? मग लाइट का गेली?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं धंदा करत होतो, आणि त्या माउलीच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून ती गाडी दुकानात आणली आणि ठरवलं, आता अंदाज नाही. आता मोजायचं.

काय मोजायचं, हे कळण्यासाठी गाडीत वीज कुठून येते ते आधी बघू. पुष्कळांना वाटतं, वीज बॅटरीतून येते. तसं नाही. आमच्या तालुक्यात भीमेवर चासकमानचं धरण आहे. तिथून कालवा निघतो, कालव्याला चाऱ्या आहेत आणि चारीचं पाणी शेवटी शेतकऱ्याच्या हौदात पडतं. बॅटरी म्हणजे तो हौद. त्यात पाणी साठतं, पण तयार होत नाही.

गाडीतली वीज तयार होते इंजिनच्या बाजूला, मॅग्नेटमध्ये. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. तोच नियम तुमच्या गाडीत रोज काम करतो. इंजिनबरोबर चुंबकाची वाटी फिरते आणि तिच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल स्थिर बसलेली असते. त्या कॉइलमधून वायरी बाहेर येतात. पुष्कळ गाड्यांत त्या तीन असतात आणि पिवळ्या असतात. त्यांतून येणारी वीज घरातल्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. बॅटरीला ती चालत नाही. तिला एकाच दिशेची, डीसी वीज लागते.

म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. पंखे काढलेला, मुठीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो दोन कामं करतो. एसीची डीसी करतो, आणि बॅटरीला लागेल तेवढाच दाब पुढे जाऊ देतो. इंजिन जोरात फिरलं की मॅग्नेट जादा वीज काढतो. चुंबक काही कमीजास्त करता येत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांतला रेग्युलेटर जादा वीज आपल्या अंगावर घेऊन कॉइलकडेच परत वळवतो. त्यात तो तापतो. त्याला ते पंखे असतात ते थंड होण्यासाठी. त्याच्यावर चिखल साचला, किंवा नंबरप्लेटच्या आत कोंडून ठेवला, तर तो लवकर जातो.

म्हणजे साखळी अशी आहे: मॅग्नेट, कॉइल, रेग्युलेटर, वायरी, बॅटरी. हौद कोरडा पडला की आपण हौदालाच दोष देतो. चारीत माती भरली असेल, तर नवा हौद बांधून काय उपयोग?

आता त्या दिवशी मी काय केलं ते क्रमाने सांगतो. साधा मल्टिमीटर असेल तर हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

पहिली पायरी, बॅटरी. रात्रभर चार्जरवर लावली आणि सकाळी काढून दोन-तीन तास तशीच ठेवली. मग मीटर लावला. १२.७ व्होल्ट. बारा व्होल्टची धडधाकट बॅटरी भरलेली असली की असाच आकडा दाखवते. १२.२ च्या आसपास आली तर ती अर्धी रिकामी समजावी. मग सेल्फ मारला. त्या क्षणी आकडा खाली येतो, पण दहाच्या खाली जायला नको. गेला नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष. मी एका निर्दोष बॅटरीला दोनदा फाशी दिली होती.

दुसरी पायरी, चार्जिंग. गाडी चालू केली, मीटर बॅटरीवरच. ॲक्सिलरेटर दिल्यावर बॅटरीवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. गाडी थंड होती, हेडलाइट बंद होती, तेव्हा १३.६ दिसले. घाईत असतो तर म्हटलं असतं, थोडं कमी आहे, पण चालतंय. मात्र त्या दिवशी त्या पोराचं बोलणं डोक्यात घुमत होतं. फर्स्ट शिफ्टला ठीक, सेकंडला गोंधळ. फर्स्टला तो उजेडात जातो आणि उजेडात येतो. सेकंडला रात्री बाराला सुटतो. दोन्हींत फरक कशाचा? हेडलाइटचा! मी हेडलाइट लावली आणि गाडी वीस मिनिटं तशीच चालू ठेवली. आकडा हळूहळू उतरत १२.६ वर येऊन थांबला.

हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, मागचा ५ वॅटचा, शिवाय इग्निशनचा खर्च. सगळं मिळून चार अँपिअरच्या घरात करंट लागतो. १२.६ म्हणजे कमाई तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. त्यात ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न आले की हात घालायचा तो साठ्यात. गाडीला शिफ्ट कळत होती, श्रोतेहो. मला कळत नव्हती.

तिसरी पायरी, कॉइल. तिन्ही पिवळ्या वायरींचं सॉकेट सोडवलं. मीटर एसीवर केला आणि इंजिन रेस करून दोन-दोन वायरींत व्होल्ट मोजले. इथे आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. पण चाळीस-पन्नासच्या पुढे जायला हवा, आणि मुख्य म्हणजे तिन्ही जोड्यांत सारखा हवा. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळलेली समजावी. इथे तिन्ही सारख्या निघाल्या. इंजिन बंद करून पिवळी वायर आणि गाडीची बॉडी यांचा एकमेकींशी संबंध लागतो का ते पाहिलं. लागत नव्हता. म्हणजे कॉइलही निर्दोष.

चौथी पायरी, रेग्युलेटर. मला वाटलं, सापडला चोर. ओळखीच्या एका चांगल्या चालणाऱ्या गाडीचा रेग्युलेटर काढून या गाडीला लावला. हेडलाइट लावली, वीस मिनिटं थांबलो. पुन्हा १२.६. खरं सांगतो, मी गोंधळलो. बॅटरी चांगली, कॉइल चांगली, रेग्युलेटर चांगला, आणि गाडी आजारी.

मग सुचलं, की सामान सगळं तपासलं, पण रस्ता तपासला नाही. पाचवी पायरी ती. गाडी चालू, हेडलाइट लावलेली. मीटरचं एक टोक रेग्युलेटरमधून निघणाऱ्या लाल वायरीच्या मुळाशी लावलं, दुसरं बॅटरीच्या प्लसवर. एकाच वायरीची ही दोन टोकं. मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. पाव व्होल्टपर्यंत चालतं. मीटरने १.८ दाखवले. रेग्युलेटर १४.४ व्होल्ट देत होता आणि बॅटरीपर्यंत १२.६ पोचत होते. मधले १.८ वाटेत कुणीतरी खात होतं.

वायर हाताने चाचपत गेलो. सीटखाली एक सॉकेट लागलं, बोटाला चटका बसेल इतकं गरम. उघडून बघतो तो आतली एक पिन हिरवट-काळी पडलेली आणि भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळायला आलेलं. हिशोब सोपा आहे. १.८ व्होल्टला चार अँपिअरने गुणा, सात वॅट होतात. मागच्या दिव्याचा बल्ब पाच वॅटचा असतो आणि पेटलेला असताना तो हातात धरवत नाही. त्याच्याहून जास्त उष्णता त्या तांदळाएवढ्या पिनेत कोंडली होती. आणि हा रोग स्वतःच स्वतःला वाढवतो. पिनेवर गंज धरला की ती तापते. तापली की तिची पकड ढिली होते. पकड ढिली झाली की आणखी तापते. थंड असताना आणि लाइट बंद असताना ती सोंग आणून नीट वागते. म्हणूनच दुकानात गाडी बरी दिसते आणि रात्री रस्त्यावर दगा देते.

गंज आला कुठून? पाण्यातून. पावसाचं पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे सीट काढून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली गाडी धुण्याची आपली सवय.

दुरुस्ती काय केली? जळलेलं सॉकेट कापून टाकलं. चांगली कल्हई केलेली तांब्याची टर्मिनल दाबून बसवली, वरून झाळ लावली, स्लीव्ह चढवली. अर्थची वायर जिथे बॉडीला बसते तिथला रंग आणि गंज घासून नट घट्ट केला. जोडावर ग्रीस लावलं, म्हणजे पुन्हा पाणी शिरणार नाही. सामान पन्नास रुपयांच्या आतलं. परत मोजलं. वाटेतली गळती ०.१ व्होल्ट, बॅटरीवर १४.२. हेडलाइट लावून अर्धा तास ठेवली. आकडा हलला नाही.

पन्नास रुपयांचं काम. त्याच्यापायी एका पोराचं मनगट, सहा आठवड्यांचा पगार आणि दोन बॅटऱ्या गेल्या.

गाडी मी स्वतः वाडीवर नेऊन दिली. पहिल्या बॅटरीचे पैसे परत केले. ते जळकं सॉकेट त्याच्या आईच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "वहिनी, यामुळे लाइट गेली. आणि हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं." तिने ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, "एवढंसं?" मी म्हटलं, "एवढंसंच." तो जळका तुकडा मी परत मागून घेतला. आजही माझ्या दुकानात मीटरशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी तो दाखवतो.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

गाडीची बॅटरी वर्षाच्या आत दुसऱ्यांदा बसली तर तिसरी घेऊ नका. आधी चार्जिंग मोजून मागा. मिस्तरीला सांगा, "हेडलाइट लावून, गाडी तापवून मोजा." आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पावणेचौदा ते साडेचौदा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आकडा पंधराच्या वर जात असेल तर उलटा रोग आहे. चार्जिंग जादा होतंय. बल्ब वारंवार उडतात, बॅटरीचं पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी रेग्युलेटर आणि त्याची अर्थ बघावी. गाडी तशीच चालवू नये.

चार्जिंग बरोबर आहे, पण रात्रभर उभी राहून सकाळी बॅटरी उतरलेली असते, असंही होतं. तेव्हा चावी बंद असताना वीज कोण पितं ते शोधायचं. बाहेरून बसवलेला अलार्म, मोबाइलचा चार्जर, जादा दिवे, यांत बहुधा चोर सापडतो.

आणि एक जुनी खोड सोडा. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून, "बंद पडत नाही म्हणजे चार्जिंग आहे", अशी परीक्षा काही जण घेतात. बॅटरी हा विजेचा दाब सांभाळणारा हौदही आहे. तो अचानक काढला तर दाब उसळतो आणि बल्ब, मीटर, महागडा कंट्रोल युनिट एका क्षणात जाऊ शकतो. तसंच, उडालेल्या फ्यूजच्या जागी तार बांधू नका. फ्यूज उडाला म्हणजे त्याने तुम्हाला काहीतरी सांगितलंय.

हे आज सांगण्याचं आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींची हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागते, ती दिवसाही बंद होत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोल पुढे ढकलणारा पंपही आता विजेवर चालतो. पुष्कळ गाड्यांची किकही गेली. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्या आठवा. ॲक्सिलरेटर पिळला की लाइट भगभगायची, सोडला की मंदावायची, पण बॅटरी मेली तरी किक मारून माणूस घरी पोचायचा. आजच्या गाडीत चार्जिंग गेलं की थोड्या वेळाने सगळंच जातं, आणि ते रात्रीच्या रस्त्यावर, आडवळणाला जातं.

माझ्या धंद्यातल्या भावांना हात जोडून एवढंच सांगतो. सामान बदलणं सोपं आहे, त्यात आपल्याला दोन पैसेही सुटतात. मोजायला पंधरा मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक द्यायला तयार नसतं. तरी मोजा. आणि गिऱ्हाईक काय सांगतं ते पुरतं ऐकून घ्या. त्याला व्होल्ट-अँपिअर कळत नसेल, पण गाडी त्याच्या हाताखाली रोज असते. त्याच्या बोलण्यात निम्मं निदान असतं.

तो मुलगा आता चाकणलाच आहे. मनगट पावसाळ्यात दुखतं म्हणतो. सेकंड शिफ्ट सुटली की वाडा रस्त्याने जाताना माझ्या घरापाशी कधी कधी हॉर्न वाजवतो. साडेबारा वाजलेले असतात. मी अंथरुणातून खिडकीकडे बघतो. भिंतीवरून त्याच्या हेडलाइटचा पांढरा पट्टा सरकत जातो. तो पांढरा असला की मला झोप लागते.